ऐकलेलं, पाहिलेलं, छापलेलं

आमच्या शाळेत खेळाचा तास वर्षातले चार महिने वर्गात भरायचा. शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्याचे सह्याद्रीला पाठ लावून बसलेले तालुके. मृगाचा पाऊस एकदा धरला की नवरात्रापर्यंत शाळेपुढचं पटांगण म्हणजे लावणीला तयार झालेलं खाचर. किन्हवली आणि सरळगावच्या पट्ट्यातल्या बहुतेक शाळांत या दिवसांत पी.टी.चा तास गणिताचे किंवा इंग्रजीचे सर उचलून न्यायचे. आमच्या सरांनी तो कधी कुणाला दिला नाही. ओल्या छत्र्या व्हरांड्यात, ओल्या टोप्या खिडकीत, पोरं भिंतीकडेने मांडी घालून, आणि सर फळ्यापुढे. शिट्टी गळ्यातच असायची. ती एकदा वाजवून ते म्हणायचे, "आज जुना सामना."

जुना सामना म्हणजे गोष्ट. कधी बर्लिनची, कधी बडोद्याची, कधी पलीकडच्या पाड्यावरच्या एखाद्या म्हाताऱ्याची. गोष्ट संपली की सर फळ्यावर खडूने दोन उभ्या रेघा ओढून तीन रकाने करायचे: ऐकलेलं, पाहिलेलं, छापलेलं. मग आम्हाला विचारायचे, यातलं कुठलं वाक्य कुठल्या रकान्यात घालायचं ते सांगा. वाद व्हायचा. वाद झाला की ते खूश. इतिहासाच्या तासाला आम्ही सनावळ्या पाठ केल्या, पण इतिहास कसा करतात ते आम्हाला पी.टी.च्या सरांनी शिकवलं.

त्यांची स्वतःची वही अशीच होती. दुकानदार जमाखर्चाला वापरतात तशी लांबट, लाल कापडी पुठ्ठ्याची. एक संपली की दुसरी. नोकरी कवायतीची आणि नाद खेळांच्या इतिहासाचा. हेडमास्तर म्हणायचे, "यांना शाळेने मैदान सांभाळायला ठेवलंय आणि हे म्हातारे सांभाळतात."

पावसातल्या पहिल्या गोष्टीचा मान दरवर्षी एकाच माणसाचा असे. डिसेंबर १८९१, अमेरिकेतलं स्प्रिंगफील्ड. बाहेर गोठवणारी थंडी, आत कंटाळलेली, हमरीतुमरीवर आलेली पोरं. जेम्स नेस्मिथ नावाच्या व्यायामशिक्षकाने पीच फळांच्या दोन टोपल्या सज्जाला ठोकल्या, तेरा नियम लिहून भिंतीवर लावले आणि बास्केटबॉल सुरू झाला. सर म्हणायचे, "बघा, त्याच्याकडे मैदान नव्हतं म्हणून जगाला खेळ मिळाला. आपल्याकडे मैदान नाही म्हणून निदान गोष्ट तरी मिळू दे."

ही गोष्ट आमच्यापर्यंत कशी पोचली, त्याचाही माग ते काढून दाखवायचे. त्याच स्प्रिंगफील्डला शिकलेले हॅरी क्रो बक मद्रासला आले आणि १९२० साली त्यांनी वाय.एम.सी.ए.ची व्यायामशिक्षकांची शाळा काढली. हा झाला एक ओढा. दुसरा बडोद्याचा. तिथे जुम्मादादांची तालीम आणि तिचे वारस प्रोफेसर माणिकराव. लाठी, बोथाटी, मल्लखांब, सांघिक कवायत हे सगळं तिथे शिस्तीत बसवलं गेलं. माणिकरावांच्या हाताखाली तयार झालेले जगन्नाथ गणेश गुणे पुढे स्वामी कुवलयानंद झाले आणि १९२४ साली त्यांनी लोणावळ्याला कैवल्यधाम उभं केलं. १९३७ साली मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेरांचं मंत्रिमंडळ आलं. शाळांतल्या शारीरिक शिक्षणाचा विचार करायला समिती नेमली गेली, तेव्हा तिच्या अग्रभागी हेच कुवलयानंद होते. पुढच्याच वर्षी कांदिवलीला व्यायामशिक्षक तयार करणारी सरकारी संस्था निघाली. आमचे सर कांदिवलीचे. त्यामुळे एकाच माणसाच्या अंगात दोन्ही ओढे वाहत होते. सकाळी लेझीम आणि डंबेल्स, संध्याकाळी रिंगणातून चेंडू टाकायचा सराव, आणि दोन्हींसाठी तीच एक शिट्टी.

वहीतलं बरंचसं काम मात्र पावसाळ्यानंतरचं. भात कापून झालं, खळ्यावर झोडणी उरकली की रविवारी सर सायकल काढायचे. कधी डोळखांबकडे, कधी धसई-टोकावड्याकडे. मला त्यांनी सोबत घेतलं, कारण वहीत जायला योग्य असा एक म्हातारा आमच्याच घरात होता. माझे आजोबा. तरुणपणी हुतूतूत गाजलेले, निदान स्वतःच्या सांगण्यात तरी.

आजोबा पडवीत बसून सांगायचे. कापणीनंतरचं कोरडं खाचर हे मैदान. मधली रेघ टाचेने ओढलेली, किंवा पेंढ्याची ओळ टाकलेली. गडी किती, याला हिशेब नाही. जेवढे या आळीत तेवढे त्या आळीत. पंच म्हणजे बांधावर विडी ओढत बसलेला सगळ्यांत म्हातारा माणूस. त्याचा शब्द पडला की वाद संपला, आणि नाही संपला तर खेळ संपला. "आमच्या टायमाला घड्याळ नव्हतं मास्तर. दम तुटला का गडी मेला. आणि समोरचा मारला का आपला मेलेला उठला."

सर थांबवायचे. "बाबा, समोरचा मेला की तुमचा उठायचा? नक्की?"

"नक्की म्हंजे? मी सोता उठलोय."

सर लिहून घ्यायचे. छापील नियमांत या प्रकाराला संजीवनी म्हणतात. गडी बाद झाला की शेवटपर्यंत बाहेर, तो गामिनी. आणि बाद होऊनही गडी मैदानातच राहतो, फक्त गुण मोजले जातात, तो अमर. आजोबांनी यातलं एकही नाव ऐकलेलं नव्हतं, पण खेळताना ते कुठल्या प्रकारात होते ते सरांनी दोन प्रश्नांत शोधून काढलं. मला तेव्हा प्रथम कळलं, की प्रश्न नेमका असला तर अक्षरओळख नसलेला माणूसही पक्की साक्ष देतो.

अडायचं ते सालावर. "कधीचा हा सामना?" या प्रश्नाला आजोबांचं उत्तर "लई मागचा". सर हिरमुसायचे नाहीत. त्यांच्याकडे युक्ती होती. त्या वर्षी आणखी काय झालं होतं, हे विचारायचं. मोडकसागरचं धरण झालं होतं का? म्हणजे १९५७च्या अलीकडचं की पलीकडचं? गांधीबाबा गेले त्याच्या आधीचं की नंतरचं? बहात्तरच्या दुष्काळात खेळ चालू होता का? असे खुंटे ठोकत ठोकत ते माणसाला वर्षापर्यंत आणून पोचवायचे. आजोबांचा खुंटा निघाला तो सिद्धगडचा. "सिद्धगडावर गोळ्या घातल्या त्या पौषात खेळ बंद हुता. चार पोरं एका जागी दिसली तरी शिपाई हटकायचे."

म्हणजे जानेवारी १९४३. मुरबाड तालुक्यातल्या सिद्धगडाच्या रानात २ जानेवारीच्या पहाटे पोलिसांनी भाई कोटवाल आणि हिराजी पाटील यांना गोळ्या घालून मारलं. विठ्ठल लक्ष्मण कोटवाल मूळचे माथेरानचे, नाभिक कुटुंबातले, शिकून वकील झालेले. शेतकऱ्यांसाठी धान्यकोठ्या, मुलांसाठी शाळा अशी कामं उभी करता करता बेचाळीसच्या आंदोलनात त्यांनी आझाद दस्ता बांधला आणि मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडले. ही सगळी माहिती छापलेल्या रकान्यातली. आजोबांची पौषातली बंदी ऐकलेल्या रकान्यात गेली. तिथेच ती अजून आहे, कारण तिला दुजोरा देणारा कागद सरांना मिळाला नाही. पण ते म्हणायचे, पोलिसांच्या दफ्तरात मनोऱ्याचा खर्च मिळेल, त्या थंडीत खेळ बंद पडला होता ही नोंद तिथे कोण करणार? ती तुझ्या आजानेच करायची.

१ जानेवारीच्या रात्री ते वरच्या वर्गातल्या मुलांना सिद्धगडाकडे चालत न्यायचे. पहाटे अभिवादनाला माणसं जमतात, तिथे आम्ही थंडीने काकडत उभे राहायचो. ही सहल आहे की कवायत, असं एकदा कुणीतरी विचारलं. सर म्हणाले, रात्रभर रान तुडवत हिंडणाऱ्या माणसांचे पाय कसे असतील ते पुस्तकात वाचून कळत नाही, म्हणून हा माझ्याच विषयाचा भाग. माहुलीवर नेलं तेव्हाही तेच. शहाजीराजांनी १६३६ साली निजामशाहीचा शेवटचा लढा या गडावरून दिला, हे इतिहासाच्या पुस्तकात होतं. सरांनी गड चढायला लावला आणि वर धापा टाकणाऱ्या आम्हाला विचारलं, "आता सांगा, वेढा घालणाऱ्याचं काम अवघड की वर दाणागोटा नेणाऱ्याचं?"

खेळाच्या मोठ्या इतिहासाशी आमच्या खाचरांचा सांधा जुळवणं हा त्यांचा आवडता उद्योग. आजोबांचा हुतूतू पेंढ्याच्या ओळीवर चालला होता, त्याच्या कितीतरी आधी, १९२३ साली, बडोद्याच्या हिंदविजय जिमखान्याने त्याच खेळाचे नियम छापून मोठे सामने भरवले होते. १९३६ साली अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या पथकाने बर्लिनला ऑलिंपिकच्या वेळी देशी खेळांची प्रात्यक्षिकं केली. १९३८ साली कलकत्त्याच्या राष्ट्रीय सामन्यांत हुतूतूला, म्हणजेच कबड्डीला, जागा मिळाली. १९५०मध्ये अखिल भारतीय फेडरेशन झालं. पुढे बुवा साळवींसारख्या माणसांनी कबड्डी देशाबाहेर नेण्यासाठी आयुष्य घातलं. त्यांचा जन्मदिवस, १५ जुलै, महाराष्ट्रात कबड्डी दिन म्हणून पाळतात. १९९०च्या बीजिंग आशियाई स्पर्धेत कबड्डीला पदकांच्या खेळात स्थान मिळालं आणि भारताने पहिलं सुवर्ण घेतलं. ती बातमी आली तेव्हा आजोबा अंथरुणाला खिळलेले होते. सर मुद्दाम सांगायला आले. आजोबांनी एवढंच विचारलं, "चीनमंदी खाचरात खेळले का गादीवर?"

सरांचं दैवत मात्र कुणी खेळाडू नव्हता. एक संपादक होता. बडोद्याचे दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार. 'व्यायाम' मासिक चालवणाऱ्या या माणसाने मराठीत 'व्यायामज्ञानकोश' काढला. १९३६ ते १९४९, दहा खंड. पहिला खंड निघाला तेव्हा बडोद्याच्या गादीवर सयाजीराव महाराज होते. १९३९ साली महाराज गेले. मग महायुद्ध, कागदाची टंचाई, चलेजाव, फाळणी. शेवटच्या खंडाच्या साली, १९४९मध्ये, बडोदा संस्थानच मुंबई इलाख्यात विलीन झालं. राज्य संपलं, कोश पुरा झाला. १९५०मध्ये त्याचा सार असलेला इंग्रजी ग्रंथही आला. कुस्तीचे डाव, मल्लखांबाच्या उड्या, आसनं, देशी खेळ, यंत्रांचे व्यायाम, चित्रांसकट सगळं एका ठिकाणी. एवढा मोठा व्यायामाचा कोश मराठीत व्हावा आणि मराठी माणसालाच त्याचं नाव ठाऊक नसावं, याचं सरांना फार लागायचं. कांदिवलीच्या दिवसांत त्यांनी त्याची पानंच्या पानं हाताने उतरवून घेतली होती. पुढे नोकरीसाठी मुंबईला आल्यावर एका जुन्या ग्रंथालयात मी ते खंड पाहिले. पानांच्या कडा चुरत होत्या. उघडून चाळताना सरांच्या अक्षरातलंच काही वाचतोय असं वाटलं, कारण अर्धा मजकूर मी त्यांच्या वहीत आधी वाचलेला होता.

पण दैवतालाही ते प्रश्न विचारायचे. कोशात आट्यापाट्या आहे, विटीदांडू आहे. आपल्या कातकरी वाडीतली पोरं ओढ्यात जे खेळतात ते आहे का? ठाकरांच्या पाड्यावर लग्नात रात्रभर नाचतात, त्या नाचात कितीतरी कसरत आहे, तिची नोंद कुठे? बडोद्यात बसलेल्या माणसाला हे कळणार कसं? मग जवळच्यांनी कळवायला हवं. वहीचं पहिलं पान त्यांनी याच विचाराने लिहिलं होतं. जिथे कोशाचं पान संपतं, तिथून माझी वही.

ऐकलेल्या रकान्याबद्दल त्यांना आदर होता, भाबडेपणा नव्हता. मल्लखांबाची गोष्ट ते रंगवून सांगायचे. दुसऱ्या बाजीरावाच्या दरबारात हैदराबादेकडून अली आणि गुलाब नावाचे दोन पहिलवान आले. आमच्याशी कुस्ती धरा, नाहीतर विजयपत्र लिहून द्या. सगळा दरबार गप्प. बाळंभट दादा देवधर नावाचा कोवळा ब्राह्मण पुढे झाला, मुदत मागून घेतली, वणीच्या सप्तशृंगीला गेला. तिथे त्याला मारुतीने दृष्टान्त दिला, लाकडी खांबावरचे पेच दाखवले. परत येऊन त्याने अलीला चीत केलं, गुलाबने लढायलाच नकार दिला. वर्गात टाळ्या. मग सर खडू उचलायचे. बाळंभट दादा होऊन गेले, त्यांनी मल्लखांबाला नवं रूप दिलं, पेशव्यांबरोबर ते उत्तरेत गेले, हे कुठल्या रकान्यात? छापलेलं. अली, गुलाब आणि मारुती? ऐकलेलं. आणि खांबावरच्या व्यायामाचा उल्लेख तर बाराव्या शतकातल्या चालुक्य राजा सोमेश्वराच्या 'मानसोल्लासा'त आहे, म्हणजे बाळंभटांच्या सहाशेहून अधिक वर्षं आधी. मग मारुतीची गोष्ट खोटी का? सर म्हणायचे, "गोष्ट खोटी नसते. ती कशाची साक्ष आहे ते बघायचं. माकडाचं झाड चढणं बारकाईने पाहिल्याशिवाय ही गोष्ट कुणाला सुचली नसती." पाड्यावरची दोन पोरं अशा वेळी हळूच हसायची. शाळेत मल्लखांब नव्हता, पण वारं असताना ताडावर चढलेली ती पोरं होती.

पौष पौर्णिमेला मुरबाड तालुक्यातल्या म्हसाची जत्रा भरते. गुरांचा मोठा बाजार. सर दरवर्षी जायचे, विकत काही घ्यायचे नाहीत. बैलवाल्यांच्या घोळक्यात बसून शर्यतीच्या बैलांच्या पिढ्या लिहून घ्यायचे: कुणाचा खोंड, कुठल्या गावी धावला, किती छकडे मागे टाकले. आम्हाला ते खेळात बसत नाही असं वाटायचं. सरांच्या निवृत्तीनंतर, २०१४ साली, सर्वोच्च न्यायालयाने शर्यतींवर बंदी घातली. डिसेंबर २०२१मध्ये अटींसह परवानगी मिळाली आणि मे २०२३मध्ये घटनापीठाने कायदा मान्य केला. बंदीच्या काळात एक बैलवाला त्यांच्याकडे येऊन म्हणाला, "मास्तर, आमचं समदं तुमच्या वहीतच उरलं आता." सरांनी त्याला पराण्या टोचण्याची आणि बैलांना दारू पाजण्याची पानंही वाचून दाखवली. तीही त्यांनी लिहून ठेवलेली होती. वही म्हणजे गौरवग्रंथ नव्हे, असं त्यांचं म्हणणं. खेळात क्रौर्य होतं तर तेही टिपायचं, नाहीतर पुढच्याला निवाडा कशावरून करता येईल?

वहीत बायका आल्या त्या शाळेतल्या एका बाईंमुळे. "तुमच्या वहीत मिशीवाल्यांशिवाय कुणी नाही," असं त्यांनी शिक्षकांच्या खोलीत सुनावलं आणि स्वतःच कामाला लागल्या. गौरीच्या रात्री गावोगावच्या म्हाताऱ्यांना बोलतं केलं. बसफुगडी, दंडफुगडी, एका हाताची फुगडी, झिम्मा, पिंगा, कोंबडा. कुठली किती वेळ चालायची, कुठे श्वास सोडायचा, लेकुरवाळीने कुठली खेळायची नाही. हे वाचल्यावर सरांनी मुलींच्या वर्गात कवायतीआधी फुगडी घालायला सुरुवात केली. गुडघे, घोटे, मनगटं आणि तोल, सगळ्याचा व्यायाम त्यात होता. मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचं गाव आहे. तिथे योगेंद्र बांगर या जिल्हा परिषदेच्या शिक्षकांनी ८ मार्च २०१६ला आजीबाईंची शाळा सुरू केली. साठी-सत्तरी ओलांडलेल्या आज्या गुलाबी लुगड्यात पाटी-पेन्सिल घेऊन बसतात. ही बातमी वाचून सर आनंदले आणि लगेच म्हणाले, त्या शिकतायत हे उत्तमच, पण एक तास त्यांना शिकवायलाही द्यावा. एवढ्या फुगड्या एका वर्गात पुन्हा जमायच्या नाहीत.

धावण्याचं पान सर्वांत कडू. शहापूर तालुक्यात तानसाचा तलाव १८९२चा. मग मोडकसागर, भातसा. मुंबईचे नळ आमच्या डोंगरांवर चालतात, आणि चैत्र-वैशाखात आमच्याच पाड्यांवर माणसं टँकरची वाट बघतात. पाण्याला लांब जाणाऱ्या मुलींच्या पायांत जो वेग होता तो सरांनी घड्याळ लावून मोजला. त्यातली एक अनवाणी तालुक्याला पहिली आली. जिल्ह्याच्या स्पर्धेच्या दिवशी ती आली नाही. घरी पाणी भरायला दुसरं कुणी नव्हतं. हे पाहिलेल्या रकान्यात आहे, नाव न घालता. कसारा घाट चढून गेलं की पलीकडे नाशिक जिल्हा. तिथल्या सावरपाड्याची कविता राऊत २०१०च्या राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन आली आणि पुढे रिओ ऑलिंपिकची मॅरेथॉन धावली, तेव्हा सरांनी पेपरातलं कात्रण वहीत डकवलं. शेजारी फक्त एक प्रश्न लिहिला: घाटाच्या या बाजूची कधी?

पदकांच्या मागे कोण उभं होतं, याची त्यांना फार ओढ. खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कुस्तीत कांस्य जिंकलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. ते सगळ्यांना ठाऊक असतं. खाशाबांना जाता यावं म्हणून कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी राहतं घर गहाण ठेवून सात हजार रुपये उभे केले, हे सर पोडियमच्या आधी सांगायचे. शिक्षकाचा स्वार्थ त्यात होता, हे आम्हाला कळायचं. स्वतः त्यांनी कितींच्या बुटांचे पैसे भरले ते वहीत नाही. ते मुलांनी सांगितलेलं, म्हणजे ऐकलेल्या रकान्यातलं.

सर गेले त्याला काही वर्षं झाली. वह्या त्यांच्या मुलीकडे, कल्याणला. तिने त्या पेटीत न ठेवता पानापानाचे फोटो काढले आणि मागेल त्याला देते. मी त्या पुन्हा वाचल्या तेव्हा एक गोष्ट ठळक दिसली. छापलेला रकाना सर्वांत छोटा आहे. पाहिलेला त्याच्या दुप्पट. ऐकलेला मात्र पानाच्या कडेपर्यंत जातो, मग उलटून मागच्या पानावर. आपल्या खेळांचा खरा इतिहास एवढ्या मोठ्या प्रमाणात अजून तोंडातच आहे, आणि ती तोंडं एकेक करून मिटतायत.

दुसरीकडे मैदानंही मिटतायत. आजोबांच्या हुतूतूचं खाचर आता प्लॉट पाडून विकलंय. समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५मध्ये खुला झाला. तो शहापूर तालुक्यातूनच जातो, आणि त्याच्या आजूबाजूच्या जमिनींचे भाव पोरांनाही पाठ आहेत. शिक्षण हक्क कायद्यात खेळाचं मैदान आहे, खेळाचं साहित्य आहे. पण सहावी ते आठवीच्या वर्गांत शंभराहून अधिक मुलं असतील तिथेच शारीरिक शिक्षणाचा अर्धवेळ निदेशक. पाड्यावरच्या शाळेत शंभर मुलं कुठून आणायची? म्हणजे जिथे पोरं सर्वांत जास्त धावतात तिथे त्यांच्याकडे बघायला शिट्टीवाला माणूसच नाही.

आणि तरीही खेळ थांबलेला नाही. जानेवारी २०२५मध्ये दिल्लीला खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताचे दोन्ही संघ जिंकले, दोन्हींचे कर्णधार महाराष्ट्रातले: प्रियंका इंगळे आणि प्रतीक वाईकर. याची नोंद जगभर झाली. ती हरवणार नाही. हरवणार आहे ते तुमच्या आळीतलं: कुठल्या शेतात, कुठल्या महिन्यात, किती गड्यांनी, कुठल्या नियमाने, आणि भांडण झालं तर कुणाचा शब्द शेवटचा.

म्हणून शहापूर-मुरबाडच्या आणि इतर कुठल्याही तालुक्यातल्या पी.टी.च्या सरांना आणि बाईंना माझं एवढंच सांगणं आहे. पाऊस लागला की तास गणिताला देऊ नका. पोरांना वही काढायला लावा, तीन रकाने आखून द्या आणि घरच्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारून यायला सांगा. साल आठवत नसेल तर धरण विचारा, दुष्काळ विचारा, सिद्धगड विचारा. पण गावाचं नाव आणि सांगणाऱ्याचं वय लिहिल्याशिवाय पान पुरं झालं असं धरू नका.